पुंडलिक उसाच्या फडात

शेवगाव तालुक्यात सप्ताह बसला की सात रात्रींपैकी एका रात्री तरी कीर्तनकार वृद्धाश्रमावर येतातच. ज्या भूमीत पुंडलिकाने देवाला विटेवर तिष्ठत ठेवले, त्या भूमीत जन्मदात्यांना आश्रमात टाकणारी औलाद निपजावी, हे शब्द कानी पडताच मांडव गप्प होतो आणि बाया पदर डोळ्यांना लावतात. मीही त्या मांडवात बसलो आहे, माझाही गळा दाटला आहे. म्हणून या मताची टिंगल करायची नाही. ते तपासायचे आहे.

आधी पूर्वपक्ष, त्याच्या पूर्ण बळानिशी. वृद्धाश्रम ही परकी चीज आहे, आपल्या परंपरेत ती नव्हती. म्हाताऱ्या जिवाला घरी मिळणारी माया पगारी माणूस देऊ शकत नाही. विसरणे हा वयाचा धर्म आहे, त्याला वेगळी व्यवस्था कशाला? आणि शेवटचा, व्यवहाराचा मुद्दा: घरी सांभाळायला पैसा लागत नाही, आश्रम श्रीमंतांनाच परवडतो. चारही मुद्दे वजनदार आहेत. एकेक तराजूत घालू.

परंपरेपासून सुरुवात करू. निराधार वृद्धांना आसरा देणारी पुण्याची ‘निवारा’ ही संस्था १८६३ सालची आहे. डेव्हिड ससून यांच्या नावाने ती सुरू झाली, तेव्हा लोकमान्य टिळक शाळकरी वयाचे होते. दीडशे वर्षांहून अधिक काळ जी व्यवस्था आपल्यात नांदते आहे, तिला कालपरवाची फॅशन म्हणायचे कसे? राहिला दाखल्यांचा प्रश्न. श्रावणबाळाने आईवडिलांना घरात बसवून ठेवले नाही. त्यांना जिथे जायचे होते तिथे कावडीतून नेले. पुंडलिक तर देव दाराशी आला तरी आईबापांच्या पायांपासून उठला नाही. म्हणजे सेवा त्याने पूर्णवेळ केली, आणि स्वतःच्या हाताने केली. आज पुंडलिकाचे नाव मुलगा घेतो आणि पाय सून चेपते. दाखला पुंडलिकाचा द्यायचा आणि काम सुनेच्या माथी मारायचे, याला परंपरा म्हणत नाहीत. सोय म्हणतात.

दुसरा मुद्दा मायेचा. घरात माया असते हे मला मान्य आहे. ती घरातच असते आणि घरात असतेच, हे मात्र मान्य नाही. १९७० साली ‘नटसम्राट’ रंगभूमीवर आले. पन्नास वर्षे महाराष्ट्र त्या नाटकाला रडतो आहे. अप्पासाहेब बेलवलकरांची विटंबना कुठे झाली? वृद्धाश्रमात नव्हे, पोटच्या मुलांच्या घरात. २००७ साली संसदेला आईवडील व ज्येष्ठ नागरिकांच्या चरितार्थाचा कायदा करावा लागला. सांभाळण्याच्या अटीवर लिहून दिलेली मालमत्ता, सांभाळ झाला नाही तर, त्या कायद्याच्या कलम २३ खाली परत मागता येते. वृद्धाला वाऱ्यावर सोडणाऱ्यास कलम २४ खाली तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. ही कलमे कोणासाठी लिहिली? आश्रमांच्या व्यवस्थापकांसाठी नाही. वारसांसाठी.

शेवगावपुरते बोलायचे तर माया असूनही भागत नाही. दसरा उलटला की शेवगाव-पाथर्डीच्या वस्त्यांवरून ऊसतोडीसाठी कोयते निघतात. उचल, म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम, आधीच घेतलेली असते. नवरा-बायको मिळून एक कोयता, म्हणजे मुलगाही जातो आणि सूनही जाते. पुढचे पाच-सहा महिने वाडीवर उरतात ती म्हातारी माणसे आणि शाळेत जाणारी पोरे. ‘घरी सांभाळा’ हा उपदेश इथे कोणाला करायचा? पुंडलिक उसाच्या फडात आहे.

अशाच एका वस्तीवरची आजी मी पाहिली. वय सत्तरीच्या पुढे. चहात साखरेच्या जागी मीठ घालायची, तासाभरापूर्वी जेवलेले विसरायची. दिवस कलला की फडक्यात दोन भाकरी बांधून दाराशी उभी राहायची. म्हणायची, “पैठणला जायचंय, आई वाट बघत असंल.” आई जाऊन चाळीस वर्षे झालेली. सोबतीला अकरा वर्षांची नात. रात्री ती पोर आपल्या ओढणीचे टोक आजीच्या पदराला गाठ मारून झोपायची. आजी उठली की ओढ बसायची आणि पोर जागी व्हायची. सकाळी तिला शाळा असायची.

यावर तिसरा मुद्दा म्हणतो, साठी बुद्धी नाठी, हे चालायचेच. नाही, हे चालायचेच नाही. हा स्मृतिभ्रंश आहे, मेंदूचा आजार आहे. साठी ओलांडलेल्या भारतीयांत त्याचे प्रमाण ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख माणसे, असा अंदाज ‘लासी-डॅड’ या देशव्यापी पाहणीतून २०२३ साली प्रसिद्ध झाला. हे प्रमाण शहरांपेक्षा खेड्यांत जास्त आणि पुरुषांपेक्षा बायकांत जास्त आढळले. म्हणजे ज्या आजाराला आपण पुण्या-मुंबईचे चोचले समजतो, त्याचा भार खेड्यातल्या आज्या वाहत आहेत. सुमित्रा भावे व सुनील सुकथनकर यांचा ‘अस्तु’ ज्यांनी पाहिला, त्यांना आठवेल: संस्कृतचे गाढे पंडित, जीव लावणारी मुलगी, आणि तरीही ती क्षणभर नजरेआड होताच वडील हत्तीमागे चालते झाले. मायेत उणीव नव्हती. डोळ्यात तेल घालून बसणारे दुसरे माणूस नव्हते. या आजारात जागे राहणारी माणसे पाळीपाळीने बदलावी लागतात. आणि ‘म्हाताऱ्याला आपल्याच घरी बरे वाटते’ हा युक्तिवादही इथे निकालात निघतो. ती आजी स्वतःच्या उंबऱ्यात उभी राहूनच घरी जायचे म्हणत होती.

आता पैशाचा मुद्दा, आणि इथे विरोधकांची बाजू अर्धी खरी आहे. स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांसाठी पुण्यात निवासी केंद्रे आहेत, पण महिन्याचा खर्च तीस-चाळीस हजारांच्या घरात सहज जातो. ‘श्रावणबाळ’ योजनेतून निराधार वृद्धाला महिना १५०० रुपये मिळतात, दिवसाला पन्नास. सत्तरीपुढच्या सर्वांना ‘आयुष्मान भारत’ लागू झाली ती ऑक्टोबर २०२४ मध्ये, पण तिचे पाच लाख रुग्णालयात दाखल झाल्यावरच्या उपचारांसाठी आहेत, वर्षानुवर्षांच्या सांभाळासाठी नाहीत. तेव्हा आश्रम महाग, हे कबूल. पण घर फुकट, हे कोणी ठरवले? सून मजुरी सोडून घरी बसली आणि तिचा रोज तीनशे धरला, तर महिन्याचे नऊ हजार बुडाले. ती फडावर गेली नाही तर कोयता अर्धा झाला आणि उचल फिटायची राहिली. नातीची शाळा सुटली तर त्याची बेरीज कोणत्या वहीत मांडायची? घरची सेवा फुकट दिसते, कारण तिचे बिल बाईच्या नावाने फाटते.

माझ्या बाजूचेही उणे लपवत नाही. वाईट आश्रम आहेत. कित्येक ठिकाणी ‘स्वतःचे स्वतः करता येणाऱ्यांनाच प्रवेश’ अशी अट असते, म्हणजे ज्याला गरज सर्वाधिक त्यालाच दार बंद. म्हणून निवडताना बाग आणि देऊळ पाहून भुलू नये. न कळवता, संध्याकाळी जावे, कारण या आजारात माणूस संध्याकाळीच जास्त सैरभैर होतो. रात्री किती माणसांमागे किती सेवक जागे असतात, ते विचारावे. कोणाला बांधून ठेवतात का, ते पाहावे. अंथरुणाला खिळल्यावर ठेवणार की परत धाडणार, आणि अनामत परत मिळणार का, हे लेखी घ्यावे. आणि अंतर पाहावे. शेवगावहून पुण्याला जाऊन यायचे तर अख्खा दिवस मोडतो. महिन्यातून एकदाही भेट होणार नसेल, तर कीर्तनकारांचा ‘टाकणे’ हा शब्द खरा ठरेल.

मग मंडन काय? ऊसतोड मजुरांच्या मुलांसाठी सरकारने संत भगवानबाबांच्या नावाने वसतिगृहांची योजना आणली, तेव्हा आईबापांनी पोरे टाकली असे कोणी म्हटले नाही. उलट शहाणपण म्हटले. शाळकरी पोराला जे शहाणपण, ते ऐंशी वर्षांच्या आजीला पाप कसे? त्याच २००७ च्या कायद्यात कलम १९ आहे. निराधार ज्येष्ठांसाठी प्रत्येक जिल्ह्यात किमान एक, दीडशे जणांची सोय होईल असा वृद्धाश्रम राज्य सरकार स्थापन करू शकेल, असे ते सांगते. ‘करू शकेल’, ‘करील’ नव्हे. सगळे पाणी त्या एका क्रियापदात मुरते.

कीर्तनकारांना माझी विनंती एवढीच. मुलाला रडवणे पुरे झाले. पुढच्या सप्ताहात त्याच मांडवातून मागणी उठवा: गळीत हंगामापुरते तरी तालुक्याच्या गावी विसरभोळ्या म्हाताऱ्यांसाठी निवारा हवा, रात्री जागणारी पगारी माणसे हवीत आणि त्याचा खर्च सरकारने व कारखान्यांनी उचलावा. वाचकहो, दोन्ही बाजू तुमच्यासमोर आहेत. निकाल देताना फक्त एक लक्षात असू द्या: आज शेवगावच्या त्या वस्तीवर स्मृतिभ्रंशाची सगळी व्यवस्था म्हणजे ओढणीला मारलेली एक गाठ आहे, आणि ती सांभाळणारी पोर अकरा वर्षांची आहे.