राडारोड्याच्या आधीचे पुणे

पुण्याच्या पेठांत वाडा उतरवायचा तर वरून खाली यायचे, हा आमच्या धंद्यातला पहिला धडा. आधी कौले, मग रिपा आणि वासे, मग कडीपाट, सागवानी तुळया, खांब, चौकटी. विटा त्यानंतर, आणि जोत्याचे घडीव दगड सगळ्यांत शेवटी. मी नवखा सुपरवायझर होतो तेव्हा वाडा उतरवणारा ठेकेदारच मालकाला पैसे मोजायचा. प्रत्येक वस्तूला गिऱ्हाईक होते. त्यामुळे एखादी चौकट पडून चिरली, तर मुकादम कुणाची गय करत नसे.

चुन्यातली जुनी वीट हातात घेऊन बघा. करणीच्या कडेने दोनदा खरवडले की चुन्याचा भुगा होतो आणि वीट अख्खी सुटते. बायका ओळीने बसून विटा साफ करत, अख्ख्यांची थप्पी एकीकडे, तुकड्यांचा ढीग दुसरीकडे. तुकडे गच्चीच्या कोब्यात जात. त्याआधीच्या पिढ्या विटा कुटून सुरखी करत आणि बैलाच्या घाण्यात ती चुन्याबरोबर मळत. भिंतीची मातीसुद्धा भिजवून पुन्हा वापरात येई. उरलेसुरले पायाच्या भरावात.

12 जुलै 1961 ला पानशेत धरण फुटले. नदीकाठच्या पेठांतले कितीतरी वाडे बसले आणि पुढचे पुणे सिमेंटात उभे राहिले. सिमेंटने धरलेली वीट सुटत नाही, फुटते. काँक्रीटमधून विकली जाते ती सळई, बाकी ढिगारा. तरीही सिमेंट परमिटवर मिळायचे तोवर साइटवर गोण्या मोजल्या जात, गिलाव्याचा खाली पडलेला माल लगेच उचलून वापरला जाई. ते नियंत्रण 1982 मध्ये अंशतः उठले, 1989 मध्ये पूर्ण. टंचाई होती तोवर तीच साइटवर पहारा देत होती. ती सरली आणि हात सैल सुटला. राडारोड्याचा खरा जन्म मी तिथे मानतो.

मुठेच्या काठावर रात्री डंपर रिकामे होताना मी पाहिले आहेत. त्या भरावाने पात्र आवळते आणि पुराचे पाणी गरिबांच्या वस्तीत शिरते. याची मला फार चीड आहे.

केंद्राने 29 मार्च 2016 ला राडारोड्यासाठी स्वतंत्र नियम काढले. दिवसाला 20 टन किंवा महिन्याला 300 टनांहून जास्त राडारोडा निघत असेल, तर काँक्रीट, माती, लोखंड, लाकूड, विटा वेगळ्या ठेवायच्या आणि कामाआधी आराखडा मंजूर करून घ्यायचा, असे त्यांत होते. वेगळे करणे आमच्या मुकादमाला कुणी शिकवावे लागले नव्हते. आज मात्र खरी नजर हवी ती फाटकाबाहेर पडलेल्या गाडीवर.

तुमच्या सोसायटीचा पुनर्विकास ठरत असेल, तर राडारोडा कुठे जाणार ते ठिकाण करारात लिहून घ्या. आणि प्रत्येक गाडीची तिथल्या वजनकाट्याची पावती मागा.