टॅब्युलेशन हॅशिंग

टॅब्युलेशन हॅशिंग : (संगणकशास्त्र) यादृच्छिक संख्यांनी भरलेल्या तक्त्यांतून हॅश (इनपुटवरून काढलेली ठरावीक लांबीची संख्या) काढण्याची रीत. इनपुटचे ठरावीक लांबीचे तुकडे पाडतात. प्रत्येक स्थानाला स्वतंत्र तक्ता असतो. तुकडा सांगेल त्या घरातली संख्या उचलायची आणि अशा सर्व संख्यांचे एक्सॉर (बिटांची हातच्याविना बेरीज) करायचे, की हॅश तयार. ३२ बिटांच्या इनपुटला २५६ घरांचे चार तक्ते पुरतात. घरात ३२ बिटांची संख्या धरली, तर एकूण जागा ४ किलोबाइट. प्रोसेसरच्या कॅशमध्ये ती सहज मावते.

अल्बर्ट झोब्रिस्ट यांनी १९७० मध्ये पटावरच्या खेळांसाठी ही कल्पना मांडली. बुद्धिबळाच्या प्रोग्रॅममध्ये ती आजही वापरात आहे. कार्टर आणि वेगमन यांच्या १९७९ च्या निबंधाने तिला सिद्धांताची बैठक मिळाली.

स्वातंत्र्य : कोणतीही तीन वेगळी इनपुटे घेतली, तर त्यांचे हॅश परस्परांपासून पूर्ण स्वतंत्र असतात. कारण सोपे आहे. तिघांत फरक असलेल्या एखाद्या स्थानावर कोणीतरी एक एकटा पडतोच. त्याने उचललेली संख्या इतरांनी उचललेली नसते, त्यामुळे बाकीच्यांवरून त्याचा अंदाज बांधता येत नाही. उरलेल्या दोघांनाही हाच न्याय.

चार इनपुटांना मात्र तो लागू होत नाही. पुणे–सातारा महामार्गावर दिसणारे वाहनांचे आरटीओ-संकेत घ्या : ०१ (ताडदेव), ०२ (अंधेरी), ११ (सातारा), १२ (पुणे). प्रत्येक अंक म्हणजे एक तुकडा. पहिल्या तक्त्यात ०→५ व १→३, दुसऱ्यात १→६ व २→४ असे मानू. हॅश अनुक्रमे ३, १, ५ आणि ७ येतात. पहिल्या तिघांचे एक्सॉर ७, म्हणजे पुण्याचा हॅश आधीच उघडा पडला. तक्त्यांत कोणत्याही संख्या भरा, हेच होणार. कारण प्रत्येक घर बरोबर दोनदा वापरले जाते आणि एक्सॉरमध्ये जोडी शून्य होते.

कागदावर हा दोष मोठाच. लिनिअर प्रोबिंगमध्ये (हॅशने दाखवलेले घर भरलेले असेल, तर पुढचे रिकामे घर शोधण्याची रीत) अपेक्षित वेळ स्थिर राहण्यासाठी पाच-स्वतंत्रता (कोणत्याही पाच इनपुटांचे हॅश परस्परांपासून स्वतंत्र असणे) पुरते, हे २००७ मध्ये सिद्ध झाले होते. नुसती चार-स्वतंत्रता पुरेशी नाही, हे मिहाई पत्राश्कू आणि मिकेल थोरप यांनी २०१० मध्ये दाखवले. त्या हिशेबाने ही रीत बादच ठरायला हवी. पण याच दोघांनी २०११ मध्ये सिद्ध केले, की साधी टॅब्युलेशन लिनिअर प्रोबिंगला उत्तम चालते. कुकू हॅशिंगसाठीही (प्रत्येक नोंदीला दोन संभाव्य घरे देणारी रीत) तिच्याकडून खात्री मिळते, फक्त अपयशाची शक्यता तिथे काहीशी जास्त. स्वातंत्र्याचा अंक हा हॅशची गुणवत्ता जोखण्याचा फारच ढोबळ निकष आहे, हे या निकालाने उघड केले. आधीचे विश्लेषण त्या अंकावर विसंबले होते. पत्राश्कू आणि थोरप यांनी तक्त्यांची रचनाच तपासली.

पुढे २०१३ मध्ये ‘ट्विस्टेड’ प्रकार आला : बाकीच्या तक्त्यांतून जादा बिट काढून ते एका तुकड्यात मिसळायचे आणि मग त्या तुकड्याचा तक्ता पाहायचा. त्याच वर्षी थोरप यांनी दाखवले, की टॅब्युलेशनचे उत्तर लांब ठेवून त्यावर पुन्हा टॅब्युलेशन केली, तर बहुतेक वेळा फार मोठ्या संचापर्यंत पूर्ण स्वातंत्र्य मिळते.