मुंबईहून गेलेला निबंध आणि परीक्षणाची नीती

शोधनियतकालिकांच्या नीतिनियमांची चर्चा आज बहुधा लेखकाच्या अप्रामाणिकपणाभोवती, म्हणजे वाङ्मयचौर्य, बनावट आकडेवारी किंवा एकच निबंध दोन ठिकाणी छापणे यांभोवती फिरत असते. परंतु संपादकाने आणि परीक्षकाने लेखकाशी कसे वागावे, हा प्रश्नही तितकाच जुना आहे. १८४५ साली मुंबईहून लंडनच्या रॉयल सोसायटीकडे गेलेल्या एका निबंधाच्या वाट्याला जे आले, त्यावरून या प्रश्नाचे गांभीर्य ध्यानात येते.

सोसायटीचे चिटणीस हेन्री ओल्डेनबर्ग यांनी मार्च १६६५ मध्ये ‘फिलॉसॉफिकल ट्रान्झॅक्शन्स’ सुरू केले, तेव्हा ते त्यांच्या स्वतःच्या जबाबदारीवर चालणारे नियतकालिक होते. एखादा शोध प्रथम कोणी लावला याविषयी वाद झाल्यास पत्र पोहोचल्याची नोंदलेली तारीख पुरावा ठरत असे, आणि लेखकाच्या अग्रहक्काचे हे रक्षण हीच या व्यवसायातील पहिली नैतिक हमी मानावी लागते. १७५२ साली नियतकालिक सोसायटीने आपल्या ताब्यात घेतले आणि सभेत वाचलेल्या निबंधांतून छापण्याजोगे निवडण्यासाठी एक समिती नेमली. ही समिती चर्चा न करता गुप्त मतदानाने निर्णय देत असे. शिवाय छापलेल्या मजकुराच्या खरेखोटेपणाविषयी सोसायटी संस्था म्हणून कोणतेही मत देत नाही, असा खुलासाही तिने जाहीर केला होता. निवड करायची, पण निवडीची जबाबदारी घ्यायची नाही, अशी ही दुहेरी भूमिका होती.

त्या विषयातील जाणकाराकडून निबंधावर लेखी अभिप्राय मागवण्याची पद्धत, म्हणजे आजच्या भाषेत ‘पिअर रिव्ह्यू’, सोसायटीत १८३० नंतरच्या दशकात रुजली. तिचा आग्रह धरणारे विल्यम ह्यूएल आणि त्यांचे सहपरीक्षक जॉन विल्यम लबक यांच्यात जॉर्ज एअरी यांच्या निबंधावरून आरंभीच मतभेद झाला, कारण निबंधाचे महत्त्व वाचकांपुढे मांडणे हे ह्यूएल यांना परीक्षकाचे काम वाटत होते, तर लबक यांचा भर त्यातील चुका दाखवण्यावर होता. पुढील काळात लबक यांची दृष्टीच परीक्षणाच्या कामात अधिक प्रभावी ठरली.

याच लबक यांच्याकडे, आणि त्यांच्यासह बेडन पॉवेल यांच्याकडे, जॉन जेम्स वॉटर्स्टन यांचा निबंध अभिप्रायासाठी गेला. एडिनबरोत जन्मलेले वॉटर्स्टन तेव्हा मुंबईत ईस्ट इंडिया कंपनीच्या नौदल कॅडेटांना शिकवत होते आणि लंडनच्या विद्वत्समाजात त्यांचे नाव फारसे कोणाला ठाऊक नव्हते. वायूचे रेणू सतत गतिमान असून त्यांच्या आघातांमुळे दाब निर्माण होतो, वायूचे तापमान रेणूंच्या वेगाच्या वर्गाशी प्रमाणबद्ध असते, आणि मिश्रणातील वेगवेगळ्या वायूंच्या बाबतीत रेणूचे वस्तुमान व वेगाचा सरासरी वर्ग यांचा गुणाकार सारखाच येतो, असे त्यांनी त्यात मांडले होते. विशिष्ट उष्मांच्या गुणोत्तराच्या हिशेबात एक चूकही होती. तथापि एका परीक्षकाने चूक दाखवण्याऐवजी संपूर्ण निबंधालाच निरर्थक ठरवले आणि तो सभेत वाचण्याच्याही लायकीचा नाही, असा शेरा मारला.

१८४६ च्या मार्चमध्ये निबंध वाचला गेला, त्याचा त्रोटक सारांशही छापला गेला, पण पूर्ण मजकूर मात्र दप्तरात पडून राहिला. सभेत वाचलेले हस्तलिखित सोसायटीच्या मालकीचे होत असल्याने ते परत मिळण्याची सोय नव्हती आणि वॉटर्स्टन यांनी स्वतःजवळ प्रत ठेवलेली नव्हती. त्यामुळे नकार पचवून दुसरीकडे जाण्याचा मार्गही बंद झाला. पुढे क्लाउझियस आणि मॅक्सवेल यांनी हा सिद्धांत स्वतंत्रपणे उभा केला. १८८३ साली वॉटर्स्टन यांचा अंत झाला, आणि त्यानंतर सोसायटीचे चिटणीस लॉर्ड रॅले यांना वॉटर्स्टन यांच्याच ध्वनीविषयक निबंधातील एका उल्लेखावरून मूळ हस्तलिखिताचा माग लागला. त्यांनी ते १८९२ साली ‘ट्रान्झॅक्शन्स’मध्येच छापले. या दिरंगाईने विषयाची प्रगती १० ते १५ वर्षे खुंटली असावी, असा अंदाज त्यांनी प्रस्तावनेत व्यक्त केला. मात्र धाडसी कल्पना मांडणाऱ्या अपरिचित लेखकाने आधी दुसऱ्या मार्गाने नाव मिळवावे, असा सल्लाही त्याच प्रस्तावनेत दिला. व्यवस्थेतील दोष दिसूनही तिच्याशी जुळवून घेण्याचा भार त्यांनी लेखकावरच टाकला.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हा भार हळूहळू संपादकाकडे सरकला. वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांनी १९७८ साली व्हँकूव्हर येथे एकत्र येऊन हस्तलिखितांसाठी समान नियम ठरवण्यास आरंभ केला, आणि १९९७ साली ब्रिटनमध्ये ‘कोप’ या संक्षिप्त नावाने ओळखली जाणारी प्रकाशन-नीती समिती स्थापन झाली. परीक्षकाने आपले हितसंबंध आधीच उघड करावेत, हस्तलिखिताची गुप्तता पाळावी, अभिप्रायाला कारणांची जोड द्यावी आणि लेखकाला निर्णयाविरुद्ध दाद मागता यावी, ही आजची सर्वमान्य सूत्रे वॉटर्स्टन यांच्या प्रकरणाशी ताडून पाहिली, तर त्यांना नेमके काय नाकारले गेले ते स्पष्ट होते.

भारतात मात्र संकट उलट दिशेने आले. बढतीसाठी छापील निबंधांची मोजदाद सुरू झाल्यावर पैसे घेऊन, परीक्षणाचा केवळ देखावा करून काहीही छापणाऱ्या नियतकालिकांचे पेव फुटले, आणि त्यांना आवर घालण्यासाठी विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१९ साली ‘केअर’ ही निवडक नियतकालिकांची यादी आणली, जिच्या कामाचे एक मुख्य केंद्र सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात होते. २०२५ साली आयोगाने ही यादी बंद करून नियतकालिक पारखण्याची जबाबदारी शिक्षणसंस्थांवर सोपवली. परीक्षण झाले की नाही, एवढे यादीवरून फार तर कळते. ते न्याय्य झाले की नाही, हे ठरवायचे तर कारणे लेखी असावी लागतात आणि ती लेखकाला वाचता यावी लागतात.