चार तारांचा खर्ज

"शाळेच्या आठवणी सगळेच लिहितील, तू तुझ्या छंदावर लिही," असा संपादक मंडळाचा निरोप आला, म्हणून हा लेख. मागच्या स्नेहमेळाव्यात बऱ्याच जणांनी मला विचारले होते, की हे लांब दांडीचे, चारच तारांचे वाद्य गिटारच का, आणि त्यावर गाणे का वाजत नाही? प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर द्यायचे तर या वाद्याचा इतिहास सांगावा लागेल. बँकेतली नोकरी सांभाळून गेली पस्तीसेक वर्षे मी बेस गिटार वाजवतो, दुरुस्त करतो, विकत घेतो आणि विकतो. त्या अधिकाराने, गुरुजनांची आणि मित्रमैत्रिणींची क्षमा मागून, चार पाने अडवतो.

मिरजेत वाढलेल्या माणसाला खर्ज समजावून सांगावा लागत नाही. सतारमेकर गल्लीतून शाळेत जाता-येता आपण तो रोज ऐकला आहे. तंबोऱ्याची शेवटची जाड तार छेडली, की गवई तिच्यावर निश्चिंत उभा राहतो. ती तार कोणी मुद्दाम ऐकत नाही, पण ती उतरली तर पहिल्या रांगेतला श्रोता लगेच अस्वस्थ होतो. पाश्चात्त्य धाटणीच्या वाद्यवृंदात हेच काम बेस गिटार करते. साध्या गिटारच्या खालच्या चार तारा ज्या सुरांत असतात, त्यांच्या बरोबर एक सप्तक खाली तिच्या तारा लावतात. सर्वांत खालच्या तारेची सेकंदाला जेमतेम ४१ आंदोलने होतात. आपल्या लहानपणीच्या ट्रान्झिस्टरच्या एवढ्याशा स्पीकरमधून हा मूळ स्वर बाहेर पडतच नव्हता. वरच्या उपस्वरांवरून कान त्याचा अंदाज बांधत असे. म्हणजे 'बिनाका गीतमाला'त आपण बेस ऐकला तो असा, अर्धा हवेतून आणि अर्धा मनातून.

बेस गिटार येण्यापूर्वी हे काम डबल बेस करी. माणसापेक्षा उंच, उभे धरून वाजवायचे, व्हायोलिनच्या कुळातले हे वाद्य. १९३० आणि ४०च्या दशकांत अमेरिकेतले नाचगाण्यांचे बँड मोठे होत गेले. तुताऱ्या आणि ड्रमच्या कल्लोळात डबल बेस ऐकू येईना. शिवाय ते गावोगाव न्यायचे म्हणजे गाडीच्या टपावर बांधून न्यावे लागे. सिएटलच्या पॉल टुटमार्क या संगीतशिक्षकाने १९३६च्या सुमारास यावर उपाय काढला. गिटारसारखे आडवे धरायचे, पडदे असलेले, विजेवर चालणारे बेस त्याने 'ऑडिओव्हॉक्स' या नावाने विकायला काढले. कल्पना बरोबर होती, पण ती फार लवकर आली. गिऱ्हाईक मिळाले नाही आणि वाद्य विस्मरणात गेले.

ते काम तडीस नेले लिओ फेंडरने. हा गृहस्थ कॅलिफोर्नियातल्या फुलर्टन गावचा रेडिओ दुरुस्त करणारा. त्याला स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती. त्याच्या दुकानात ॲम्प्लिफायर घेऊन येणाऱ्या वादकांच्या तक्रारी तो ऐकत असे आणि त्यांतून वाद्ये घडवत असे. १९५१मध्ये त्याने 'प्रिसिजन बेस' बाजारात आणला. प्रिसिजन म्हणजे अचूकता. डबल बेसला पडदे नसतात, सूर हाताच्या अंदाजाने शोधावा लागतो. इथे पडद्यामागे बोट ठेवले की सूर नेमका लागतो, म्हणून हे नाव. डबल बेसच्या तारेची लांबी ४१-४२ इंच असते. फेंडरने ती ३४ इंचांवर आणली आणि आज सत्तरहून अधिक वर्षांनी बहुतेक बेस गिटार त्याच मापाच्या बनतात. लायोनेल हॅम्प्टनच्या जाझ बँडमधून हे वाद्य गावोगाव ऐकले गेले आणि त्याच बँडमध्ये ते वाजवणारा मंक मॉन्टगोमेरी या वाद्याचा पहिला नामवंत वादक ठरला.

पुढची सुधारणा १९५७ची. तारांखालच्या चुंबकीय पिकअपमधून विजेची घरघर येई. फेंडरने पिकअपचे दोन तुकडे केले आणि दोन्हींतली गुंडाळी व चुंबक एकमेकांच्या उलट ठेवले. तारेचा आवाज दोन्हींतून मिळून येतो, घरघर मात्र परस्पर कटते. १९६०मध्ये निमुळत्या दांडीचा, दोन पिकअपांचा 'जाझ बेस' आला. आज कोणत्याही दुकानात शिरा, भिंतीवर टांगलेल्या बेसपैकी निम्मेअधिक या दोघांचेच वंशज असतात.

१९६५मध्ये लिओ फेंडरने कंपनी सीबीएसला १ कोटी ३० लाख डॉलरना विकली. आमच्या जुन्या वाद्यांच्या व्यवहारात हे साल म्हणजे धरणाची भिंत आहे: अलीकडच्या वाद्याला एक भाव, पलीकडच्या वाद्याला वेगळाच. त्यामुळे वाद्याचे वय ओळखणे ही एक विद्याच होऊन बसली. दांडी खोलली तर तिच्या बुडाशी तारीख सापडते, आधीच्या वाद्यांत पेन्सिलीने लिहिलेली आणि १९६२नंतर शिक्क्याने उमटवलेली. आवाज कमी-जास्त करणाऱ्या बटणाखालच्या पॉटवर आकडे कोरलेले असतात. १३७६६१२ असे दिसले तर १३७ म्हणजे सीटीएस ही कंपनी, ६६ म्हणजे १९६६ साल आणि १२ म्हणजे त्या वर्षाचा बारावा आठवडा. सुटा भाग कोणत्या आठवड्यात बनला हे आपल्याला आज कळते. ते वाद्य कोणी वाजवले, हे मात्र कुठेच कोरलेले नसते.

या वाद्याच्या इतिहासातले मोठे दुखणे हेच आहे. डेट्रॉइटच्या मोटाउन कंपनीत १९५९पासून जेम्स जेमर्सन बेस वाजवत असे. उजव्या हाताच्या एकाच बोटाने, तर्जनीने. १९६२च्या प्रिसिजनवर जाड, चपट्या वेटोळ्यांच्या तारा. त्या तुटल्याशिवाय तो बदलत नसे. मोटाउनची गाणी जगाने डोक्यावर घेतली, पण तबकडीच्या वेष्टनावर त्याचे नाव नसे. ते छापून यायला १९७१ साल उजाडावे लागले, मार्विन गेच्या 'व्हॉट्स गोइंग ऑन'मुळे. आपण दहावी झालो त्या १९८३च्या ऑगस्टमध्ये जेमर्सन वारला. त्याआधी काहीच दिवस त्याचा तो बेस चोरीला गेला होता. तो परत मिळाला नाही.

याउलट पॉल मॅकार्टनीचा बेस पाहा. १९६१मध्ये त्याने हॅम्बुर्गला व्हायोलिनच्या आकाराचा जर्मन बनावटीचा होफनर घेतला. बीटल्सची सुरुवातीची गाणी त्याच्यावर वाजली. १९७२मध्ये लंडनच्या नॉटिंग हिल भागात उभ्या असलेल्या व्हॅनमधून तो चोरीला गेला. काही चाहत्यांनी नेटाने माग काढला आणि तो मालकाकडे परतल्याचे २०२४मध्ये जाहीर झाले. पन्नासहून अधिक वर्षांनी! ज्याच्या नावामागे इतकी माणसे उभी राहतात, त्याचे वाद्य सापडते.

आता मुंबईकडे वळू, कारण तिथलीही गोष्ट डेट्रॉइटसारखीच आहे. हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदांत गोव्याकडचे ख्रिस्ती वादक मोठ्या संख्येने होते. डबल बेसची जागा तिथे हळूहळू बेस गिटारने घेतली. राहुलदेव बर्मन यांच्या ताफ्यात टोनी वाझ बेस वाजवत. त्या गाण्यांवर आपण गॅदरिंगमध्ये नाचलो, पण हे नाव आपल्यापैकी किती जणांनी ऐकले होते? रेकॉर्डवर संगीतकार, गीतकार आणि गायक असत. वादकांना जागा नसे. चरणजित सिंग हे स्टुडिओत बेसही वाजवत. बेसची साथ करण्यासाठी जपानच्या रोलँड कंपनीने बनवलेले टीबी-३०३ हे यंत्र घेऊन १९८२मध्ये त्यांनी दहा रागांची तबकडी केली. तेव्हा कोणी विचारले नाही. २०१०मध्ये ती पुन्हा निघाली आणि जगभरचे जाणकार चकित झाले. ग्रेगरी बूथ या अभ्यासकाने मुंबईच्या स्टुडिओंतल्या वादकांना भेटून, बोलते करून २००८मध्ये इंग्रजीत ग्रंथ लिहिला, तेव्हा कुठे यातली बरीच नावे कागदावर आली. आता दिवस पालटले आहेत. मुंबईत वाढलेल्या मोहिनी डे हिचे नाव बेसवादक म्हणून जगभर घेतले जाते, याचा आनंद आहे.

आमच्या उमेदीच्या काळात परदेशी वाद्य मिळणे दुरापास्त होते. आयातीवर निर्बंध होते, जकात भारी होती. बोटीवर नोकरी करणारा कोणी ओळखीचा असेल तर त्याला गळ घालायची, नाहीतर कोलकात्याच्या बनावटीचे वाद्य घ्यायचे. माझा पहिला बेस कोलकात्याचाच, १९८९मध्ये ऑर्केस्ट्रातून निवृत्त होणाऱ्या एका बुजुर्गांकडून घेतलेला. गणेशोत्सवात पुण्यातल्या मांडवांतून तो खूप वाजला.

हे वाद्य सांभाळणे अवघड नाही, पण नियमाने करावे लागते. चार तारा मिळून दांडीला सुमारे ८० किलोंच्या ताणाने ओढत असतात. तो ताण पेलायला दांडीच्या पोटात पोलादी सळई असते. पावसाळ्यात लाकूड ओलावा धरते आणि दांडी कधी पुढे, कधी मागे वाकते. तार पहिल्या आणि शेवटच्या पडद्यावर दाबून मधल्या, सातव्या-आठव्या पडद्यापाशी डोकवायचे. तिथे व्हिजिटिंग कार्ड जेमतेम सरकेल इतकी फट असावी. नसेल तर सळईचा नट पाव फेरा फिरवायचा आणि दांडी स्थिरावू द्यायची. घाई केली तर सळई तुटते. घोडीवरची तार पुढे-मागे करून बाराव्या पडद्याचा सूर जुळवायचा. नऊ व्होल्टची बॅटरी असलेल्या बेसची वायर वाजवून झाल्यावर काढून ठेवायची, नाहीतर बॅटरी रात्रभर जळत राहते. तारा मंदावल्या की पाण्यात उकळायच्या. मळ आणि तेल निघून काही दिवस त्या पुन्हा खणखणीत वाजतात. (घरच्यांनी पातेले वेगळे करून दिले आहे.) सतारमेकर गल्लीतले कारागीर जवारी काढताना तार किती टेकवायची हे केसाच्या अंतराने ठरवतात. तंबोऱ्यात ती झणझण हवी असते आणि बेसमध्ये तार पडद्याला लागली तर ती खोड. पण दोन्हीकडे कान एकच लागतो, आणि तो मला आपल्या गावाने दिला.

आजवर माझ्या हातून वीस-बावीस बेस गेले असतील. यात पैसा मिळत नाही. एक विकतो तेव्हा दुसरा येतो, इतकेच. पण एक रिवाज मी पाळला आहे. वाद्य घेताना विकणाऱ्याला बसवून विचारतो: कोणाकडून घेतलेत, कुठे वाजवलेत, कोणत्या बँडमध्ये, किती वर्षे? ते सारे एका कागदावर लिहून, त्याला वाचून दाखवून, पेटीच्या कप्प्यात ठेवतो. विकताना त्याखाली माझे नाव घालतो आणि पुढची जागा कोरी सोडतो. सुरुवातीला घेणारे हसत. अलीकडे तेच फोन करून सांगतात, "पुढचे नाव लिहिले बरं का." त्या पहिल्या कोलकात्याच्या बेसवर आता पाच नावे आहेत आणि तो सध्या सोलापुरात, इंजिनिअरिंगला असलेल्या एका मुलीकडे वाजतो आहे.

मित्रहो, तुमच्यापैकी अनेकांच्या माळ्यावर वडिलांची पेटी, आजोबांची सतार, काकांचे बुलबुलतरंग पडून असेल. वाजवता येत नसेल तरी हरकत नाही. एका कोऱ्या कागदावर ते कोणी, कुठे, केव्हा वाजवले एवढे लिहा आणि आत सरकवून ठेवा. हे सांगू शकणारी माणसे अजून आपल्या घरांत आहेत, तोवरच हे काम होण्यासारखे आहे.