फेर्मी विरोधाभास

आकाशगंगेत किमान १०,००० कोटी तारे आहेत आणि तिचे वय १,००० कोटी वर्षांहून अधिक आहे. असे असूनही पृथ्वीबाहेरील बुद्धिमान जीवांचा एकही निर्विवाद पुरावा आजवर मिळालेला नाही. या विसंगतीला इटालियन-अमेरिकन भौतिकीविज्ञ एन्रिको फेर्मी यांच्या नावाने ओळखतात.

उगम : १९५० च्या उन्हाळ्यात लॉस ॲलॅमॉस येथे एडवर्ड टेलर, एमिल कोनोपिन्स्की व हर्बर्ट यॉर्क यांच्यासोबत जेवताना फेर्मींनी ‘ते सगळे आहेत कुठे’ अशा आशयाचा प्रश्न केला. त्यांनी स्वतः याविषयी काही लिहिले नाही. सोबत्यांच्या आठवणी पुढे एरिक जोन्स यांनी १९८५ मध्ये संकलित केल्या. त्यांत शब्दांबाबत एकवाक्यता नाही. फेर्मींची शंका परग्रहीय जीवांच्या अस्तित्वाविषयी होती की आंतरतारकीय प्रवासाविषयी, यावरही मतभेद आहेत. रीतसर युक्तिवाद मायकेल हार्ट (१९७५) व फ्रँक टिप्लर (१९८०) यांनी मांडला : मंदगती यानांनीही आकाशगंगेच्या वयाच्या मानाने अल्प काळात ती व्यापता येईल, ज्या अर्थी ते येथे नाहीत, त्या अर्थी ते कोठेच नाहीत. प्रत्येक संस्कृतीला विस्तार हवाच असतो व तो अखंड चालतो, हे यात गृहीत धरले आहे.

स्पष्टीकरणे : फ्रँक ड्रेक यांनी १९६१ मध्ये अशा संस्कृतींच्या संख्येचा अंदाज घेण्यासाठी सात घटकांचे समीकरण मांडले. १९९५ मध्ये ‘५१ पेगासी’ या ताऱ्याभोवती ग्रह सापडल्यापासून ग्रहांविषयीचे घटक बरेच निश्चित झाले. जीवोत्पत्ती, बुद्धिमत्ता व संस्कृतीचे आयुर्मान हे घटक अद्याप अंदाजाचेच आहेत. पृथ्वीसारखी परिस्थिती दुर्मीळ असल्याचे मत पीटर वॉर्ड व डोनाल्ड ब्राउनली यांनी २००० मध्ये मांडले. उत्क्रांतीच्या वाटेवर कोठेतरी जवळजवळ अभेद्य अडसर असावा, असे रॉबिन हॅन्सन सुचवतात. परग्रहीय जीव मुद्दाम दुरूनच आपल्याला पाहतात, हे जॉन बॉल यांचे ‘प्राणिसंग्रहालय’ गृहीतक (१९७३) तपासता येत नाही. सँडबर्ग, ड्रेक्सलर व ऑर्ड यांनी २०१८ मध्ये दाखवले, की समीकरणातील अनिश्चितता प्रामाणिकपणे हिशेबात घेतल्यास आपण एकटे असणे आश्चर्याचे ठरत नाही.

रेडिओ शोध : प्रत्यक्ष निरीक्षणांवर आधारलेला पुरावा प्रामुख्याने रेडिओ खगोलशास्त्रातून येतो. सप्टेंबर १९५९ मध्ये जुझेप्पे कोक्कोनी व फिलिप मॉरिसन यांनी ‘नेचर’मध्ये हायड्रोजनच्या १,४२० मेगाहर्ट्झ वारंवारतेवर शोध घ्यावा असे सुचवले, कारण ही वारंवारता विश्वातील कोणत्याही खगोलशास्त्रज्ञाला माहीत असणारच. ड्रेक यांनी १९६० मध्ये ग्रीन बँक येथील २६ मीटर व्यासाच्या दुर्बिणीतून टाऊ सेटी व एप्सिलॉन एरिडानी या ताऱ्यांचा वेध घेतला. काही आढळले नाही.

निसर्गातील कोणताही ज्ञात स्रोत काही हर्ट्झ इतक्या अरुंद पट्ट्यात ऊर्जा फेकत नाही. म्हणून अरुंद पट्ट्यातील संकेत शोधले जातात. दूरच्या ग्रहावरील प्रेषकाची वारंवारता ग्रहांच्या गतीमुळे हळूहळू सरकली पाहिजे. न सरकणारा संकेत बहुधा जमिनीवरचाच असतो. दुर्बीण पाच मिनिटे ताऱ्याकडे व पाच मिनिटे बाजूला, अशी तीनदा फिरवतात. दोन्हीकडे दिसणारे ते सर्व बाद होते. ही चाळणी कठोर आहे आणि ती तशीच असायला हवी.

‘ब्रेकथ्रू लिसन’ प्रकल्पाने २०१७ मध्ये ६९२ ताऱ्यांची १.१ ते १.९ गिगाहर्ट्झमधील निरीक्षणे प्रसिद्ध केली, संकेत नव्हता. याचा नेमका अर्थ एवढाच, की अरेसिबो दुर्बिणीच्या ग्रहीय रडारच्या तोडीचा प्रेषक त्या पट्ट्यात, त्या मिनिटांत, आपल्या दिशेने चालू नव्हता. आपल्या दूरचित्रवाणीसारखे क्षीण प्रक्षेपण तेथे अखंड सुरू असते, तरी ते सुटलेच असते.

अंतरामुळे संकेत किती क्षीण होतो, हे गणित पुणे जिल्ह्यातील नारायणगावजवळच्या खोडद येथील महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बिणीच्या (जीएमआरटी) एका निरीक्षणावरून स्पष्ट होते. १९ ऑक्टोबर २०१६ रोजी मंगळावर उतरणाऱ्या युरोपीय ‘स्कियापारेल्ली’ यानाचा काही वॅट शक्तीचा संकेत तिने सुमारे १७.५ कोटी किमी.वरून टिपला. सूर्याला सर्वांत जवळचा तारा याच्या सव्वादोन लाख पटींहून दूर आहे. तेथून तोच संकेत सुमारे ५,००० कोटी पटींनी क्षीण होऊन पोहोचेल.

दिशा, वारंवारता, शक्ती, काळ, ध्रुवण अशा सर्व शक्यता धरून जेसन राइट, शुभम कनोडिया व एमिली लुबार यांनी २०१८ मध्ये हिशेब मांडला, तेव्हा तोवरचा शोध म्हणजे पृथ्वीवरील सर्व महासागरांपैकी एका स्नानकुंडाएवढे पाणी तपासणे ठरले. आजच्या मौनावरून हार्ट यांचा निष्कर्ष काढणे त्यामुळे समर्थनीय नाही. नकारार्थी उत्तरालाही पुरेशी निरीक्षणे लागतात. नासाचा शोध ऑक्टोबर १९९२ मध्ये सुरू झाला आणि अमेरिकी काँग्रेसने १९९३ मध्ये त्याचा निधी बंद केला. या क्षेत्राचे इतके मोठे नुकसान क्वचितच दुसऱ्या कशाने झाले असेल.

संशयित संकेत : १५ ऑगस्ट १९७७ रोजी ओहायोतील ‘बिग इअर’ दुर्बिणीत ७२ सेकंदांचा तीव्र अरुंद संकेत नोंदला गेला. तो पुन्हा कधीच मिळाला नाही. कारणाबाबत मतभेद आहेत. २०१९ मध्ये ऑस्ट्रेलियातील पार्क्स दुर्बिणीने प्रॉक्सिमा सेंटॉरीच्या दिशेने टिपलेला ९८२ मेगाहर्ट्झचा संकेत २०२१ मध्ये पार्थिव व्यत्यय ठरला.

व्यत्यय : मोबाइल मनोरे, उपग्रह व विद्युत यंत्रणा यांमुळे वापरण्याजोगे पट्टे आक्रसत आहेत. पुणे–नाशिक वेगवान रेल्वेच्या आखणीला जीएमआरटीसाठी हरकत घेतली गेली, ती याच कारणाने. शांत रेडिओ क्षेत्र एकदा गमावले की परत मिळवणे फार कठीण असते, त्यामुळे अशा हरकतींना वजन दिले पाहिजे.

इतर पद्धती : लेसर स्पंद व कृत्रिम अवरक्त उष्णता यांचाही शोध चालू आहे, निश्चित निष्पत्ती नाही.