छायाचित्रांचे जतन व निवड, अंकीय

अंकीय म्हणजे डिजिटल कॅमेऱ्याने किंवा भ्रमणध्वनीने घेतलेली छायाचित्रे साठविणे, त्यांच्या राखीव प्रती निरनिराळ्या ठिकाणी सुरक्षित ठेवणे आणि त्यांतील अनावश्यक छायाचित्रे गाळणे, या तीन परस्परसंबद्ध क्रियांना मिळून अंकीय छायाचित्रांचे जतन म्हणता येईल. छायाचित्राचे आयुष्य त्याच्या माध्यमाच्या टिकाऊपणावर अवलंबून असते, अशी सर्वसाधारण समजूत आहे. तथापि प्रतींची संख्या, त्या ठेवण्याच्या जागा आणि त्यांच्याकडे कोणाचे तरी सातत्याने असलेले लक्ष या गोष्टी माध्यमाइतक्याच, किंबहुना त्याहून अधिक महत्त्वाच्या असल्याचे छायाचित्रणाच्या इतिहासावरून दिसून येते. अंकीय तंत्रामुळे प्रती काढणे जवळजवळ विनामूल्य झाले. परंतु लक्ष देण्याची माणसाची क्षमता मात्र वाढली नाही. जतनाचे आजचे बहुतेक प्रश्न या विसंगतीतून उद्भवले आहेत.

पूर्वेतिहास : लूई दागेअर (१७८७–१८५१) यांची पद्धत १८३९ मध्ये जाहीर झाली. तीत चांदीचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या पत्र्यावर थेट चित्र मिळे. ते अत्यंत सुस्पष्ट असले, तरी एकमेव असे. पत्रा खराब झाला की चित्र कायमचे नाहीसे होई. हेन्री फॉक्स टॅल्बट (१८००–७७) यांनी १८४१ मध्ये एकस्व घेतलेल्या पद्धतीत प्रथम कागदावर व्यस्त प्रत म्हणजे निगेटिव्ह तयार होई व तिच्यापासून हव्या तितक्या सम प्रती काढता येत. एकाच छायाचित्राच्या अनेक प्रती अनेक ठिकाणी असू शकतात, ही जतनाच्या दृष्टीने मूलभूत असलेली कल्पना येथे प्रथम व्यवहारात आली.

फ्रेडरिक स्कॉट आर्चर यांच्या कोलोडियन पद्धतीमुळे १८५१ नंतर काचेच्या व्यस्त प्रतींचा प्रसार झाला. काच जड, ठिसूळ व महाग असे. त्यामुळे नको असलेल्या काचा खरवडून, स्वच्छ करून पुन्हा वापरात आणल्या जात. अशा रीतीने छायाचित्रे गाळण्याची प्रथा छायाचित्रणाइतकीच जुनी आहे. काचेच्या प्रती नीट राखल्यास दीर्घकाळ टिकतात. इंदूर येथे व्यवसायास आरंभ करून पुढे सिकंदराबाद व मुंबई येथे चित्रशाळा चालविणारे राजा दीनदयाळ (१८४४–१९०५) यांच्या अडीच हजारांहून अधिक काचप्रती नवी दिल्ली येथील इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्रात आहेत. संस्थानिकांचे दरबार, वास्तू व शिकारी यांबाबतचा तो मोठा ऐतिहासिक पुरावा होय.

काचेच्या जागी आलेली सेल्युलोज नायट्रेटाची फिल्म हलकी व स्वस्त असली, तरी अतिशय ज्वालाग्राही होती. पुणे येथे जानेवारी २००३ मध्ये लागलेल्या आगीत राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या अनेक जुन्या नायट्रेट फिती नष्ट झाल्या. नायट्रेटाला सुरक्षित पर्याय म्हणून आलेली ॲसिटेट फिल्म उष्ण व दमट हवेत विघटन पावते आणि तिला शिरक्यासारखा आंबूस वास येतो. रंगीत छायाचित्रांतील रंजकद्रव्ये कालांतराने फिकट होतात. कोकण व मुंबईसारख्या दमट प्रदेशांत जिलेटिनाच्या थरावर बुरशी चढते. मात्र ही सर्व हानी बहुधा हळूहळू होते व डोळ्यांना दिसते. डागाळलेल्या छायाचित्रातही चेहरा ओळखू येतो. माळ्यावरील पेटीत पन्नास वर्षे दुर्लक्षित राहिलेली छायाचित्रे आजही पाहता येतात, ती याच कारणाने.

निवडीची परंपरा : ३५ मिमी. फिल्मच्या एका गुंडाळीत साधारणतः ३६ छायाचित्रे मावत व प्रत्येकाला फिल्म, रसायने आणि कागद यांचा खर्च येई. त्यामुळे निवडीचा पहिला टप्पा कॅमेऱ्याची कळ दाबण्यापूर्वीच पार पडे. व्यावसायिक छायाचित्रकार संपूर्ण गुंडाळीचे मूळ आकाराचे एकत्रित मुद्रण काढून त्यावर रंगीत पेन्सिलीने निवडीच्या खुणा करीत. न निवडलेल्या व्यस्त प्रती सामान्यतः फेकून दिल्या जात नसत; त्या पाकिटात तशाच राहत.

नको असलेली छायाचित्रे कायमची बाद करण्याचे एक प्रसिद्ध उदाहरण अमेरिकेतील आहे. महामंदीच्या काळातील ग्रामीण जीवनाचे चित्रण करण्यासाठी तेथील शासनाने १९३५ मध्ये सुरू केलेल्या प्रकल्पाचे प्रमुख रॉय स्ट्रायकर (१८९३–१९७५) हे नापसंत व्यस्त प्रतींना भोके पाडीत असत. पुढे ही पद्धत सोडून देण्यात आली. सुमारे पावणेदोन लाख व्यस्त प्रतींचा हा संग्रह वॉशिंग्टन येथील काँग्रेस ग्रंथालयात आहे. त्यातील भोके पडलेल्या प्रतींवरून काढलेल्या चित्रांत माणसांच्या अंगावर किंवा शेतावर काळी वर्तुळे दिसतात. ती चित्रे आज अभ्यासकांच्या आस्थेचा विषय झाली आहेत. एका संपादकाने आपल्या काळाच्या गरजेनुसार केलेली निवड पुढच्या पिढीच्या दृष्टीने योग्य ठरेलच असे नाही, हे यावरून स्पष्ट होते.

छायाचित्रकार डर्क हॉलस्टेड यांचा अनुभव याला पूरक आहे. त्यांनी १९९६ मध्ये एका समारंभात अमेरिकेचे तत्कालीन अध्यक्ष बिल क्लिंटन यांचे एका तरुणीला आलिंगन देतानाचे छायाचित्र घेतले होते. त्या वेळी त्याला काहीच महत्त्व नव्हते. मोनिका लेविन्स्की प्रकरण १९९८ मध्ये उघडकीस आल्यावर जुन्या पारदर्शिकांचा शोध घेता ते सापडले आणि जगभर प्रसिद्ध झाले. निरुपयोगी वाटलेली पारदर्शिका पेटीत राहिली होती, एवढेच तिच्या बचावाचे कारण होय.

अंकीय तंत्राचा उदय : रसेल कर्श यांनी १९५७ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक कार्यालयात आपल्या तान्ह्या मुलाचे छायाचित्र क्रमवीक्षणाने संगणकात उतरविले. त्यात १७६ × १७६ चित्रबिंदू होते. प्रकाशाचे विद्युत् भारात रूपांतर करून तो मोजणारी प्रयुक्ती विलर्ड बॉइल व जॉर्ज स्मिथ यांनी बेल प्रयोगशाळेत १९६९ मध्ये शोधून काढली. तिच्या साहाय्याने कोडॅक कंपनीतील अभियंते स्टीव्हन सॅसन यांनी १९७५ मध्ये हाती धरता येईल असा अंकीय कॅमेरा बनविला. त्यातील १०० × १०० चित्रबिंदूंचे छायाचित्र साध्या कॅसेट फितीवर नोंदले जाण्यास २३ सेकंद लागत. फितीवर ३० छायाचित्रांची मर्यादा सॅसन यांनी जाणीवपूर्वक ठेवली होती. फिल्मच्या गुंडाळीतील २४ व ३६ या परिचित संख्यांच्या मधली ती संख्या होती.

कोडॅकने १९९१ मध्ये विक्रीस आणलेल्या व्यावसायिक अंकीय कॅमेऱ्यासोबत खांद्यावर अडकवावयाचा वेगळा संचयक असे. त्याच्या २०० मेगॅबाइट धारणेच्या तबकडीत संकोचन न केलेली १५६ छायाचित्रे मावत. छायाचित्रांची माहिती संकोचित करणारे जेपेग मानक १९९२ मध्ये निश्चित झाले. १९९४ मध्ये कॉम्पॅक्टफ्लॅश व १९९९ मध्ये एसडी ही स्मृतिपत्रे आली. एकविसाव्या शतकाच्या आरंभी कॅमेरा भ्रमणध्वनीत समाविष्ट झाला आणि छायाचित्रामागे पडणारा खर्च जवळजवळ नाहीसा झाला. त्याबरोबरच, कळ दाबण्यापूर्वी खर्चामुळे होणारी निवडही संपुष्टात आली.

ऱ्हासाची कारणे : अंकीय छायाचित्र ही अंकांची मालिका असल्याने तिची प्रत मूळाबरहुकूम असते, प्रतीवरून प्रत काढल्याने गुणवत्ता घटत नाही. मात्र जेपेग चित्रात बदल करून ते पुनःपुन्हा साठविल्यास प्रत्येक वेळी काही तपशील गमावला जातो. साठवणुकीची साधने तर अल्पायुषीच असतात. चुंबकीय तबकडीचे यांत्रिक भाग झिजतात. स्मृतिपत्रातील माहिती सूक्ष्म विद्युत् भारांच्या रूपात असते व दीर्घकाळ वापराविना पडून राहिल्यास हे भार गळतात. घरी मुद्रित केलेल्या प्रकाशीय तबकड्यांतील कार्बनी रंजकद्रव्य प्रकाश व उष्णता यांनी बिघडते. जेपेग चित्रातील थोडेसे अंक बदलले, तरी चित्राचा उरलेला भाग विस्कळीत होऊ शकतो. फिल्मप्रमाणे येथे हळूहळू फिके पडणे नसते. काल उघडलेले चित्र आज उघडतच नाही, असा प्रकार घडतो.

दुसरे कारण म्हणजे वाचनयंत्रे व नोंदणीच्या पद्धती कालबाह्य होणे. डूम्सडे बुक या १०८६ मधील इंग्लंडच्या महसुली पाहणीच्या नवशताब्दीनिमित्त बीबीसीने १९८६ मध्ये लेसर तबकड्यांवर देशाचे सचित्र वर्णन तयार केले. पंधरा-सोळा वर्षांतच त्या तबकड्या वाचणारी यंत्रे दुर्मिळ झाली आणि त्यांतील माहिती वाचविण्यासाठी खास प्रयत्न करावे लागले. १०८६ ची चर्मपत्रे मात्र वाचता येत होती.

राखीव प्रती : जतनाचा एक सुटसुटीत नियम छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी प्रचारात आणला. प्रत्येक छायाचित्राच्या तीन प्रती असाव्यात, त्या दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्यात आणि त्यांपैकी एक प्रत अन्य ठिकाणी असावी, असा हा नियम आहे. त्यातील अखेरच्या अटीचे महत्त्व जॅक लो यांच्या संग्रहावरून पटते. जॉन केनेडी यांचे छायाचित्रकार असलेल्या लो यांच्या सुमारे ४०,००० व्यस्त प्रती न्यूयॉर्कच्या जागतिक व्यापार केंद्रातील तिजोरीत होत्या. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यात त्या सर्व नष्ट झाल्या. वाचली ती अन्यत्र ठेवलेली, निवडीच्या खुणा केलेली मूळ आकाराची मुद्रणे. त्यांवरूनच पुढे अनेक छायाचित्रे पुन्हा सिद्ध करण्यात आली. भक्कम तिजोरीतील मूळ प्रती गेल्या व साध्या जागी ठेवलेल्या दुय्यम प्रती उपयोगी पडल्या. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझ येथे एका दिवसात ९४४ मिमी. पाऊस झाला. अशा पुरात एकाच तळमजल्यावरील अल्बम, संगणक व राखीव तबकडी ही एकदमच पाण्याखाली जातात.

दोन साधने परस्परांशी जुळवून ठेवणे म्हणजे राखीव प्रत नव्हे, हेही लक्षात घ्यावे लागते. अशा व्यवस्थेत एका ठिकाणी चुकून पुसलेले छायाचित्र दुसऱ्या ठिकाणाहूनही पुसले जाते. म्हणून एक तरी प्रत संगणकापासून अलग ठेवणे इष्ट असते. प्रत बिनचूक आहे की नाही हे पाहण्यासाठी छायाचित्राच्या अंकांवरून गणिताने काढलेली पडताळासंख्या वापरतात. दोन प्रतींच्या या संख्या भिन्न आल्यास एकीत बिघाड झाला आहे, असे समजते. साधने ठराविक वर्षांनी बदलून माहिती नव्या साधनांवर उतरविणे हा या व्यवस्थेचा नित्याचा भाग होय.

आंतरजालावरील साठवण सोयीची असली, तरी तिच्या अटी बदलतात. फ्लिकर या संकेतस्थळाने विनामूल्य खात्यांवर १,००० छायाचित्रांची मर्यादा २०१८ मध्ये जाहीर केली. गूगल फोटोजची २०१५ पासूनची अमर्याद विनामूल्य साठवण १ जून २०२१ रोजी बंद झाली. मायस्पेसवरील तीन वर्षांहून जुनी छायाचित्रे व ध्वनिफिती स्थलांतराच्या वेळी नष्ट झाल्याचे २०१९ मध्ये उघड झाले. यास्तव अशी साठवण तीन प्रतींपैकी एक म्हणून उपयुक्त ठरते. एकमेव प्रत म्हणून ती भरवशाची नसते.

निवड : साठवण स्वस्त असताना निवड कशासाठी, असा प्रश्न विचारला जातो. साठवणीच्या जागेपेक्षा पाहणाऱ्याचा वेळ ही खरी मर्यादा होय, हे त्याचे उत्तर आहे. एका लग्नाची चार हजार छायाचित्रे असतील, तर ती बहुधा कोणीच पाहत नाही. जे पाहिले जात नाही ते बिघडल्याचेही कळत नाही आणि नव्या साधनावर उतरवून घेण्याची तसदीही कोणी घेत नाही. या दृष्टीने निवड हा जतनाचाच भाग ठरतो.

निवडीपूर्वी सर्व छायाचित्रांची राखीव प्रत काढली जावी, हा पहिला संकेत होय. त्यानंतर तांत्रिक दृष्ट्या निकामी व चुकून निघालेली छायाचित्रे आणि एकाच दृश्याच्या अनेक प्रतिकृती गाळता येतात. चित्रे आवडीनुसार पुसण्याऐवजी उत्तम चित्रांना खूण करून त्यांचा लहान वेगळा संच करणे अधिक सुरक्षित असते. सौंदर्यदृष्ट्या सामान्य छायाचित्रे गाळताना विशेष सावधगिरी लागते. स्वयंपाकघर, दुकानाची पाटी, अंगणातील झाड, नेहमीच्या कपड्यांतील माणसे ही दृश्ये घेतली त्या वेळी क्षुल्लक वाटतात. ती वस्तू किंवा व्यक्ती नाहीशी झाल्यावर तीच मोलाची ठरतात. कॅमेरा दिनांक व वेळ, तसेच काही वेळा स्थळही आपोआप नोंदतो. परंतु चित्रातील माणसाचे नाव व नाते नोंदत नाही. जुन्या छायाचित्रांच्या मागे शाईने लिहिलेल्या ओळीचे काम अंकीय छायाचित्रासोबतच्या नोंदीने करावे लागते आणि ते ठाऊक असणारी माणसे हयात असतानाच होऊ शकते.

आंतरजालाच्या शिल्पकारांपैकी एक असलेले व्हिंट सर्फ यांनी २०१५ मध्ये, महत्त्वाची छायाचित्रे कागदावर मुद्रित करून ठेवावीत, असा सल्ला दिला. तो सर्व संग्रहास लागू करणे शक्य नाही. परंतु निवडलेल्या पन्नास-शंभर छायाचित्रांपुरता तो सहज अमलात आणता येतो. काच, फिल्म व कागद यांना दुर्लक्ष काही काळ सोसते. अंकीय छायाचित्राला ते सोसत नाही. प्रत्येक पिढीने ते पाहून, निवडून व नव्या साधनावर उतरवून पुढच्या पिढीच्या हाती द्यावे लागते.