किल्लारी-सास्तूर भूकंपाने नेमकं काय बदललं?

30 सप्टेंबर 1993. अनंत चतुर्दशीचं विसर्जन आटोपून गावं झोपली होती. पहाटे 3:56 ला जमीन हादरली. लातूरमधलं किल्लारी आणि धाराशिवमधलं (तेव्हा उस्मानाबाद) सास्तूर उद्ध्वस्त झालं. परिसरात 8 ते 10 हजार माणसं गेली.

भूकंप 6.2 तीव्रतेचा होता, पण जीव घेतला तो घरांनी. दगड-मातीच्या जाड भिंती आणि मातीने जड झालेली माळवदं झोपलेल्यांच्या अंगावर कोसळली.

शास्त्रज्ञही चक्रावले. सरकारी नकाशात हा भाग झोन 1 मध्ये, म्हणजे सर्वात कमी धोक्याच्या पट्ट्यात होता! पुढे किल्लारीत 617 मीटर खोल बोअर घेतलं, तेव्हा साधारण 338 मीटरवर काळा बेसाल्ट संपला आणि खालचा प्राचीन खडक अभ्यासता आला. 2002 च्या नकाशातून झोन 1 कायमचा वगळला गेला. त्या नकाशात हा परिसर झोन 3 मध्ये आला.

भूकंपाच्या पाचच महिने आधी, 24 एप्रिल 1993 ला, 73 वी घटनादुरुस्ती लागू झाली होती. पंचायतींमध्ये महिलांना एक तृतीयांश जागा मिळाल्या. भूकंपानंतरच्या घरदुरुस्ती योजनेतही महिलांना ‘संवाद सहायक’ नेमलं गेलं. भिंत मजबूत कशी करायची, हे गावकऱ्यांना त्या समजावून सांगायच्या.